पायऱ्या, एक नग

नोटीस विजेच्या खांबावर चिकटवली होती, आणि तीही अशा उंचीवर की वाचायची तर चवड्यांवर उभं राहायला हवं. सनावळीसर चवड्यांवर उभे राहिले. वरची गल्ली आणि खालची गल्ली यांना जोडणाऱ्या दगडी पायऱ्या मोडकळीला येऊन धोकादायक झाल्या आहेत, सबब उन्हाळा संपण्याआधी दोन्ही टोकांना भिंत घालून त्या कायमच्या बंद करण्यात येतील, असं नगरपालिकेनं कळवलं होतं. सरांनी नोटीस दोनदा वाचली. एकदा नागरिक म्हणून आणि एकदा माणूस म्हणून, असं ते पुढे सांगत असत. बघणारे मात्र सांगतात की चष्मा घरी राहिला होता.

सर निवृत्त इतिहास शिक्षक. सनावळीसर हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ती पोरं आता टक्कल पडलेली, नातवंडंवाली झाली तरी नाव काही सुटलं नाही. झोपेतून उठवून कुठलीही लढाई विचारा, तारीख हजर. तह विचारा, तारीख हजर. स्वतःच्या लग्नाच्या तारखेला तेवढी एकदा गफलत झाली होती, तर तो विषय त्यांच्या घरात अजून चालू आहे.

घरी येऊन त्यांनी चप्पल नेहमीपेक्षा जोरात काढली. बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिचं उभं आयुष्य टपाल कचेरीच्या खिडकीत गेलेलं, त्यामुळे समोर आलेल्या माणसाला नक्की काय हवंय ते तो बोलायच्या आत तिला कळायचं.

"पायऱ्या बंद करतायत," सर म्हणाले.

"बरं मग? शेवटचे कधी उतरला होतात तुम्ही त्या?"

"प्रश्न उतरण्याचा नाही. प्रश्न वारशाचा आहे. नागरिकांच्या जबाबदारीचा आहे."

"प्रश्न मास्तरांचा आहे," बायको म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

मास्तर म्हणजे खालच्या गल्लीतले शिंपी. आता गंमत बघा, शाळेत शिकवणारा तो सर आणि कपडे शिवणारा तो मास्तर, अशी या दोन गल्ल्यांची वाटणी झाली होती आणि ती दोघांनीही हसत मान्य केली होती. पायऱ्यांच्या बरोब्बर मध्यावर एक रुंद पायरी होती. तरुणपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी सर वरून उतरायचे, मास्तर गळ्यातली टेप न काढता खालून चढायचे आणि दोघं त्या पायरीवर बसायचे. काय बोलायचे? काही नाही. म्हणजे जगातलं सगळं, पण दुसऱ्याला सांगण्यासारखं काही नाही.

आणि ते दोघंच कशाला, तेव्हा सगळ्या पायऱ्या भरलेल्या असायच्या. घरं दिवसभर तापलेली, घराघरात पंखे यायचे होते. मग सतरंजी, उशी, पाण्याचा तांब्या, रेडिओ घेऊन जो तो आपल्या ठरलेल्या पायरीवर. कोणाच्या पायरीवर लग्नं जमली, कोणाच्या पायरीवर भांडणं मिटली, एका पायरीवर तर एका माणसानं नोकरी सोडायचं ठरवलं आणि दोन पायऱ्या वर जाईपर्यंत विचार बदलला. मग पंखे आले, टीव्ही आले, दारं लागली. पायऱ्या ओस पडल्या, आणि ओस पडलेल्या पायऱ्यांचे दगड निसटायला लागले. तोवर सरांचे गुडघे गेले होते आणि मास्तरांना चार पावलं चढलं की धाप लागत होती.

तुम्ही म्हणाल, रस्त्यानं वळसा घालून रिक्षा जाते की. जाते. सर दोनदा गेले, मास्तर एकदा आले. पण त्यांची मैत्री पडली पायरीवरची. घरात आली की ती अवघडायची. कोचावर बसायचं, तब्येत विचारायची, सुनेनं आणलेला चहा प्यायचा आणि घड्याळ बघायचं. दोघंही एकमेकांकडे पाहुणे होऊन बसले की दोघांनाही कसंसंच व्हायचं. म्हणून मग फोन. आणि पायऱ्या आज ना उद्या कोणीतरी दुरुस्त करील, ही एक आशा.

त्या संध्याकाळी सरांनी फोन लावला.

"वाचली नोटीस," मास्तर पलीकडून म्हणाले. "उत्तम झालं बघ. तुमच्या वरच्या लोकांचं सगळं पाणी माझ्या दुकानात उतरतं, ते एकदाचं थांबेल."

"थट्टा सुचते तुला."

"मग काय करू? भिंतीला झबलं शिवू?"

मग मास्तर अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता पायरीवर बसायचं राहिलंच म्हण." आणि गिऱ्हाईक आलंय असं सांगून त्यांनी फोन ठेवला. त्या वेळी दुकान बंद झालेलं असतं हे सरांना माहीत होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत जायचं ठरवलं.

नगरपालिकेचं वर्णन करत नाही, तुम्हीही गेला असाल. या टेबलावरून त्या टेबलावर असं करत सर एका ओव्हरसियरसाहेबांसमोर पोचले. साहेब तरुण होते, घामाघूम होते आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा दुसऱ्याच टेबलाला वारा घालत होता. त्यांनी मालमत्तेचं रजिस्टर उघडून दाखवलं. एका ओळीत होतं 'कचराकुंडी, दोन नग', त्याखाली 'पायऱ्या, एक नग'.

"एक नग?" सरांना ते लागलं. "अहो, दोन पिढ्या त्यावर बसल्या!"

"बसल्याची नोंद नाही," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "असं करा सर, लोकसहभाग दाखवा. लोकांनी मिळून पायऱ्या नीट केल्या, तर उन्हाळा संपायच्या आधी मी तपासणीला येतो. नियमात बसल्या तर भिंत रद्द. पण लोक यायला पाहिजेत. आमचा अनुभव असा की लोक येत नाहीत."

लोक येत नाहीत म्हणजे काय! जो माणूस ऐन मार्चमध्ये, दुपारच्या तासाला, पोटभर जेवून आलेल्या पोरांना तह समजावून सांगत आला, त्याला लोक कसे जमवायचे ते शिकवता? लोकांना इतिहास कळला की लोक जागे होतात, अशी सरांची ठाम श्रद्धा होती. त्यांनी उन्हाळी व्याख्यान जाहीर केलं. विषय, 'आपल्या पायऱ्या: काल, आज आणि उद्या'. जागा, मंडळाची खोली. वेळ संध्याकाळची.

व्याख्यानाला माणसं आली, नाही असं नाही. मंडळाचे सेक्रेटरी आले, कारण खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती. बायको आली, कारण ती आली नसती तर घरी ऐकावं लागलं असतं. वकीलवहिनी आल्या. त्या स्वतः वकील, पण गल्लीनं त्यांना वहिनी करून टाकलं होतं. त्यांना सेक्रेटरींशी पार्किंगवरून दोन शब्द बोलायचे होते. आणि दाताचे डॉक्टर आले, कारण त्यांच्या घरची वीज गेली होती आणि खोलीत इन्व्हर्टर होता.

सरांनी दगडाच्या जातीपासून सुरुवात केली. पहिल्या पाचच मिनिटांत सेक्रेटरींची मान छातीवर आली.

"सर," मध्येच डॉक्टरांनी विचारलं, "इथून कुणी राजाबिजा गेला होता का हो? म्हणजे तसं काही असलं तर लोकांना जरा..."

सरांना हो म्हणता आलं असतं. कोण तपासायला जाणार होतं? पण ज्या माणसानं चुकीच्या तारखेसाठी पुतण्यालाही नापास केलं होतं, तो राजा कुठून आणणार? "नाही," ते कोरडेपणानं म्हणाले. "राजा गेला नाही. सेनापती गेला नाही. एकदा मिरवणूक येणार होती, तिनं वळसा घातला." आणि मग त्यांचा धीर सुटला. हातातले कागद त्यांनी टेबलावर ठेवले. "तुमचे वडील मात्र तिथे बसायचे, डॉक्टर. वरून उतरताना डाव्या हाताला खांब लागतो, त्या पायरीवर. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी टोपलीभर संत्री घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर सोललेली फोड ठेवायचे. माझ्याही हातावर ठेवायचे, मी शिक्षक झालो तरी."

डॉक्टर म्हणाले, "खांबाजवळची? ती आमची पायरी?" आणि त्यांनी रुमाल काढला.

"मग आमची कुठली?" वकीलवहिनी ताठ बसल्या.

"तुमच्या सासूबाईंची तिच्याच खालची. त्या तिथे बसून अख्ख्या गल्लीची भांडणं ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या."

"खालची का म्हणून?" वहिनी म्हणाल्या, आणि इथे सेक्रेटरी जागे झाले.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या आधी सरांच्या दारात माणसं उभी होती. जे व्याख्यानाला आले नव्हते ते सगळे. आमची पायरी कुठली? आमचे आजोबा कुठे बसायचे? सरांना काय आनंद झाला म्हणता! त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, बायकोनं चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि आठवणींच्या आधारानं पायऱ्यांचं वाटप सुरू झालं. खालच्या गल्लीचं वाटप मास्तर फोनवरून करत होते. दोन घरांनी एकाच पायरीवर हक्क सांगितला तेव्हा सरांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवून जबाब घेतले. म्हातारे तासाभरात मूळ भांडण विसरून जुन्या गोष्टींत रमले, आणि त्यांना घरी न्यायला माणसं पाठवावी लागली.

एक नवं भाडेकरू जोडपं कोपऱ्यात उभं होतं. त्यांना यायला दोन-तीन वर्षंच झालेली. "आम्हालाही एक हवी होती," नवरा भीत भीत म्हणाला.

"पण तुमचा काही इतिहासच नाही," सर म्हणाले. त्यात कुजकेपणा नव्हता, नुसता अभ्यास होता.

"अहो, असं तोंडावर काय बोलता!" बायको चहाची गाळणी घेऊनच बाहेर आली. "सामान आणलं तेव्हा यांचा सोफा पायऱ्यांवर अडकला नव्हता का? दुपारभर अख्खी गल्ली ओढत होती. तो काय इतिहास नाही?"

सरांनी क्षणभर विचार केला आणि नोंद मान्य केली. सोफ्याची पायरी भाडेकरूंना मिळाली. जोडप्यातली बाई एवढी खूश झाली की तिनं घरी जाऊन आईला फोन करून सांगितलं.

इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. आणि मग सरांनी निरोपाचं भाषण केलं. न करते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण शिक्षक तो शिक्षक, समोर एवढी माणसं बसलेली असताना तोंड मिटून कसा राहील? "मंडळी," ते म्हणाले, "आपापली पायरी आपापल्या घराच्या इतिहासाला शोभेल अशी करा."

या वाक्यात उंचीबद्दल काही नव्हतं. रुंदीबद्दल नव्हतं. हे नंतर वकीलवहिनींनी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

गल्लीत गवंडी मिळेनासे झाले. डॉक्टरांनी वडिलांच्या पायरीला पांढऱ्याशुभ्र चकचकीत फरश्या बसवल्या, दवाखान्यात उरलेल्या. खालच्या पायरीवर वहिनींनी मार्बल टाकलं, आणि खालची म्हणून कोणी कमी लेखू नये यासाठी ती वीतभर उचलून घेतली. आता डॉक्टरांची पायरी तिच्यासमोर बसकी दिसायला लागली, म्हणून डॉक्टरांनी आपल्या फरश्यांवर आणखी एक थर दिला. सेक्रेटरींनी काळा पॉलिशचा दगड आणला आणि त्यावर मंडळाचं नाव बारीक आणि स्वतःचं नाव ठळक कोरून घेतलं. एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, त्यांनी आपल्या पायरीला पिवळे-काळे पट्टे मारून वर बसमधलं रबर ठोकलं. भाडेकरूंनी सोफ्याच्या आठवणीखातर पायरीला पाठ टेकायला लाकडी फळी लावली. ती अर्थात वाटेत येत होती, पण कोणाला सांगायचा धीर झाला नाही.

"खाली काय चाललंय?" सरांनी फोनवर घाबरत विचारलं.

"एकदम शिस्तीत," मास्तर म्हणाले. "मी सगळ्या पायऱ्यांना गाद्या शिवतोय. कोटाचं कापड पडून होतं. मऊ लागायला हवं ना बसताना."

"अरे, पण पायरीची कड कुठे संपते ते दिसणार कसं?"

"ते मी बघितलं नाही," मास्तरांनी कबूल केलं.

मग अपघात सुरू झाले. पहिला मान पेपरवाल्याचा. तो डॉक्टरांच्या फरशीवरून जो घसरला तो सेक्रेटरींच्या नावावर जाऊन बसला. त्यानं पेपर वरूनच भिरकवायला सुरुवात केली. मग एका पाहुण्याचा पाय भाडेकरूंच्या फळीत अडकला. मग खुद्द डॉक्टर आपली पायरी पुसायला गेले, तोल गेला, आणि वहिनींच्या वाढीव मार्बलवर त्यांचा पुढचा दात अर्धा तुटला. गावाचे दात बसवणारा माणूस आठवडाभर तोंडाला रुमाल लावून हिंडत होता. "मी नुकसानभरपाई मागेन," ते रुमालातून म्हणाले. "मागाच," वहिनी म्हणाल्या, "पायरी तुमच्यामुळेच वाढवावी लागली हे मी सिद्ध करीन." सेक्रेटरींनी दोघांना कोणीही पायरी सोडून बोलू नये अशी विनंती केली. दोघंही आपापल्या पायरीवरच उभे होते, त्यामुळे ती पाळली गेली.

आणि या सगळ्याचं खापर कोणावर? अर्थात सरांवर. कालपर्यंत दारात रांगा लावणारी माणसं आता त्यांना बघून पलीकडच्या बाजूनं जायला लागली. एका जुन्या विद्यार्थ्यानं तर रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, या लढाईची तारीख काय घालायची?" सर तसेच घरी आले आणि दुपारी जेवले नाहीत. मधली रुंद पायरी तशीच पडली होती, एका बाजूचा दगड कलंडलेला. ती ना वरच्या गल्लीची ना खालच्या, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. आणि तपासणीला ओव्हरसियर येणार होते.

"नियमात नाही बसायचं हे," सर संध्याकाळी बायकोला म्हणाले. "सगळी माझी हौस. आधी निदान मोडक्या तरी होत्या, कोणी तरणाताठा उतरू शकत होता. आता धडधाकट माणूसही उतरणार नाही. मी माझ्या हातानं भिंत घातली गं."

बायकोनं त्यांच्या पुढ्यात ताट सरकवलं आणि शेजारी बसून राहिली.

तपासणीच्या दिवशी ऊन कलल्यावर ओव्हरसियरसाहेब वरच्या टोकाला आले. हातात टेप, खांद्यावर बॅग. साहेब येणार म्हणून प्रत्येक घर आपापल्या पायरीवर हजर होतं. घरची म्हातारी माणसंसुद्धा उचलून आणून बसवली होती, पुरावा म्हणून. एकमेकांशी कोणी बोलत नव्हतं, पण पायरी सोडायलाही कोणी तयार नव्हतं.

साहेबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी घोट्याएवढी खाली होती, तिसरी जवळजवळ गुडघ्याएवढी. चौथ्या पायरीला त्यांनी बॅग डॉक्टरांकडे दिली. पाचवीला ते खाली बसले आणि बसूनच पुढे सरकायला लागले, कारण दुसरा मार्ग नव्हता. ते प्रत्येक पायरीवर थांबत, टेप लावत, आणि टेप गुंडाळेपर्यंत त्या पायरीचं घर त्यांना इतिहास सांगत असे. संत्र्यांची गोष्ट त्यांनी ऐकली. सासूबाईंचे निकाल ऐकले. सोफा कसा निघाला ते ऐकलं. कोणी पाणी दिलं, कोणी हातपंख्यानं वारा घातला. मधल्या रुंद पायरीवर पोचेपर्यंत साहेबांचा शर्ट भिजून गेला होता. ते कलंडलेल्या दगडापाशी, कडेच्या भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "जरा दम खातो."

आणि तेव्हा खालून मास्तरांचा आवाज आला. "सर! आहेस का रे वर?"

सर वरच्या टोकाला, नोटीस लावलेल्या विजेच्या खांबाआड उभे होते. तपासणी त्यांना बघवत नव्हती. त्यांनी वाकून पाहिलं. मास्तर खाली पहिल्या गादीवर उभे होते, गळ्यात टेप, एक हात छातीवर.

"तू चढू नकोस!" सर ओरडले. "धाप लागेल तुला!"

"लागू दे! भिंत घालायच्या आत एकदा बसून घेऊ!"

सगळ्या पायऱ्यांवरच्या माना वर-खाली झाल्या. सरांनी इकडे तिकडे बघितलं. उभ्यानं उतरणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर इस्त्रीच्या विजारीत वर्गात पाऊल टाकलं, तो माणूस आपल्या माजी विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्या बायकामुलांसमोर, पहिल्या पायरीवर खाली बसला आणि मुलं घसरगुंडीवर सरकतात तसा सरकायला लागला. कोणी हसलं का? हसलं. बस ड्रायव्हर हसले, आणि हसत हसतच त्यांनी सरांच्या काखेत हात घातला. "चला सर, पुढचा स्टॉप." त्यांनी सरांना डॉक्टरांच्या हवाली केलं. "फरशीवर जपून, इथे मी पडलोय," डॉक्टर तुटक्या दातातून म्हणाले आणि हात पुढे करून वहिनींना म्हणाले, "धरा तिकडून." वहिनींनी धरलं. भाडेकरूनं फळी उपटून बाजूला टाकली. खालून मास्तर तसेच वर येत होते, गादीवर बसत, दम घेत, कोणीतरी मागून ढकलत, कोणीतरी पुढून ओढत. आणि अशा रीतीनं, उभ्या आयुष्यात जेवढ्या हातांतून गेले नसतील तेवढ्या हातांतून जात जात, दोन म्हातारे मध्यावर आले.

तिथे ओव्हरसियरसाहेब बसले होते.

"साहेब," सर धापा टाकत म्हणाले, "जरा सरकता का? ती जागा यांची आहे."

साहेब सरकले. मास्तर भिंतीला टेकून बसले, सर त्यांच्या शेजारी. बघणाऱ्यांना वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. मास्तरांचा श्वास हळूहळू जागेवर आला. त्यांनी सरांकडे मान वळवून नीट बघितलं.

"सदऱ्याचं बटण तुटलंय तुझं," ते म्हणाले.

"कधीचंच," सर म्हणाले. "तुझ्याशिवाय कोणाला दिसणार?" आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

वर डॉक्टरांच्या घरून कोणीतरी संत्र्यांची टोपली आणली होती. ती हातोहात खाली यायला लागली. वहिनींनी एक सोललं, पहिली फोड डॉक्टरांना दिली. डॉक्टरांनी ती उजव्या दाढेनं चावली. दिवे लागायची वेळ झाली होती, तरी कोणी उठत नव्हतं. आपल्याला आत जाऊन बसायला घर आहे हे सगळे विसरल्यासारखे झाले होते.

साहेबांनी कागद मांडीवर घेतले. "खरं सांगू का सर? जिना म्हणायचा तर प्रत्येक पायरीची उंची सारखी लागते. इथे दोन पायऱ्या सारख्या नाहीत. याला मी जिना म्हणून मंजुरी देऊ शकत नाही. नोकरी जाईल माझी."

मास्तरांनी सरांच्या मनगटावर हात ठेवला.

साहेबांनी वर बघितलं, खाली बघितलं. एका पायरीवर आजी पाय पसरून बसल्या होत्या, दुसरीवर एक पोर आडवं झालं होतं, सेक्रेटरी स्वतःच्याच नावावर मांडी घालून संत्रं खात होते. साहेबांनी आपल्या हातातली फोड तोंडात टाकली, जरा चघळली आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद सरांपुढे धरला. पायऱ्या या शब्दावर काट मारली होती. शेजारी लिहिलं होतं, 'सार्वजनिक बैठक, एक नग. वापरात आहे.'

"वापरात असलेल्या बैठकीला भिंत घालता येत नाही," साहेब म्हणाले. "पण माझंही काही चुकीचं होता कामा नये. एक पाटी लावावी लागेल."

ती पाटी आजही दोन्ही टोकांना आहे. 'या बैठकीचा चढण्या-उतरण्यासाठी वापर करू नये. हुकमावरून.' जन्मभर मुलांना नागरिकशास्त्राचे नियम पाठ करायला लावणारे सनावळीसर रोज संध्याकाळी त्या पाटीखालून, बसून, हातोहात, बेकायदेशीरपणे मध्यापर्यंत उतरतात. मास्तरांनी त्यांच्या सगळ्या विजारींना मागून दुहेरी कापड लावून दिलंय. शिलाई घेतली नाही. रुंद पायरीचा दगड डॉक्टरांनी आणि वहिनींनी मिळून बसवून घेतला. भरपाईचं काय झालं ते कोणी विचारत नाही. आणि तेव्हा जी म्हातारी माणसं पायरीवर आणून बसवली होती, ती आता संध्याकाळी स्वतःहून हाका मारतात, मला न्या म्हणून.

गल्लीत कोणी नवा राहायला आला की त्याला हा इतिहास सांगितला जातो, आणि तो हमखास विचारतो की हे घडलं कधी. मग सगळे सरांकडे बघतात. झोपेतून उठवून विचारलं तरी तारीख सांगणारा माणूस. सर कपाळाला आठ्या घालतात, बोटं मोजतात, आभाळाकडे बघतात.

"नाही आठवत," ते म्हणतात.

"असं कसं नाही आठवत?" शेजारून मास्तर म्हणतात. "तुझं बटण तुटलं होतं, त्या दिवशी."